योजनेत बसतं का?

शिरूरहून चौफुल्याकडे निघालं की वाटेत न्हावरे लागतं. घोडगंगा सहकारी साखर कारखाना याच गावाच्या शिवारात. गावात ग्रामीण रुग्णालय आहे. निर्वी, उरळगाव, आंबळे, इनामगाव ही आसपासची गावं. पुढे भीमा ओलांडली की दौंड तालुका सुरू होतो. आरोग्याच्या नकाशावर न्हावरे काही अगदी आडबाजूला नाही. तरीही हृदयाचा, मेंदूचा किंवा किडनीचा तज्ज्ञ गाठायचा तर बहुतेकदा तळेगाव ढमढेरे, शिक्रापूर, वाघोली करत पुणं गाठावं लागतं. साठ-सत्तर किलोमीटर जायचं, केसपेपर काढायचा, नंबर लागेपर्यंत बसायचं आणि परत यायचं. यात पेशंटचा दिवस जातो आणि सोबत आलेल्याचा रोज बुडतो.

या भागात कुणी आजारी पडलं की दोन प्रश्न पाठोपाठ येतात. ‘चांगला डॉक्टर कोण?’ आणि ‘योजनेत बसतं का?’ फोनवरून किंवा व्हिडिओवरून मिळणाऱ्या वैद्यकीय सल्ल्यामुळे, म्हणजे टेलिआरोग्यामुळे, पहिल्या प्रश्नाचं उत्तर बरंच सोपं झालं आहे. पुण्याचा तज्ज्ञ आता उपकेंद्राच्या स्क्रीनवर दिसू शकतो. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र अजून ‘बहुतेक नाही’ असंच मिळतं. ते तसं का मिळतं आणि बदलायचं तर नेमकं काय बदलायचं, हे या प्रकरणात पाहू.

फोनवरच्या औषधाला कायद्याचा आधार

२०२० पर्यंत भारतात फोनवरून औषध सांगणं ही सर्रास चालणारी, पण कायद्यात कुठेही स्पष्ट न लिहिलेली गोष्ट होती. तिचा धोका महाराष्ट्राला २०१८ मध्ये कळला. रत्नागिरीतल्या एका रुग्णालयात बाळंतपणानंतर त्रास होऊ लागलेली एक महिला परत आली. डॉक्टर जागेवर नव्हते. त्यांच्या फोनवरच्या सूचनांवर तिला दाखल करून उपचार सुरू झाले आणि पुढे ती दगावली. संबंधित डॉक्टर दांपत्याचा अटकपूर्व जामीन मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०१८ मध्ये नाकारला. निदान न करता औषध देणं ही फौजदारी स्वरूपाची हयगय आहे, असं न्यायालयाने म्हटलं. या निकालाने राज्यभरातले डॉक्टर हबकले. हयगयीने सांगितलेलं औषध आणि जुना पेशंट, त्याचे रिपोर्ट, त्याचा इतिहास माहीत असताना विचारपूर्वक दिलेला सल्ला, या दोहोंत फरक करणारा नियमच तेव्हा नव्हता.

तो नियम आला २५ मार्च २०२० रोजी, देशभर टाळेबंदी सुरू झाली त्याच दिवशी. मेडिकल कौन्सिलच्या जागी काम पाहणाऱ्या नियामक मंडळाने नीती आयोगाच्या सहकार्याने ‘टेलिमेडिसिन प्रॅक्टिस गाइडलाइन्स’ जाहीर केल्या आणि डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेला त्या जोडल्या. २०२३ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नवी नियमावली काढली खरी, पण तीन आठवड्यांतच तिला स्थगिती मिळाली आणि २०२० च्या गाइडलाइन्सच लागू राहिल्या.

या गाइडलाइन्समधल्या काही तरतुदी प्रत्येक पेशंटला माहीत हव्यात. नोंदणीकृत डॉक्टर व्हिडिओ, साधा फोन किंवा लेखी संदेश यांपैकी कशानेही सल्ला देऊ शकतो. फोनवर भागेल की प्रत्यक्ष यावंच लागेल, हे ठरवण्याचा अधिकार डॉक्टरचा. त्याच आजारासाठी सहा महिन्यांच्या आत त्याच डॉक्टरला प्रत्यक्ष दाखवलं असेल, तर पुढचा सल्ला ‘फॉलोअप’ धरला जातो आणि चालू गोळ्या फोनवरून पुढे लिहून देता येतात. पॅरासिटामॉल, ओआरएस अशी साधी औषधं कोणत्याही मार्गाने सांगता येतात. काही औषधांसाठी पहिल्या भेटीत व्हिडिओ लागतोच. गुंगीची आणि अमली वर्गातली औषधं मात्र फोनवरून लिहायला पूर्ण बंदी आहे. सल्ला घरच्या माणसालाही मागता येतो आणि आरोग्य कर्मचाऱ्यालाही.

पैशांच्या दृष्टीने सर्वांत मोलाची तरतूद शेवटाकडे येते. फोनवरच्या सल्ल्याची फी ही प्रत्यक्ष तपासणीच्या फीसारखीच मानायची. डॉक्टरने तिची पावती द्यायची आणि चिठ्ठीवर व पावतीवर आपला नोंदणी क्रमांक घालायचा. म्हणजे कायद्याच्या नजरेत हा सल्ला आता पूर्ण वाढीचा वैद्यकीय सल्ला आहे.

विम्याची गाठ खाटेशी

डॉक्टरांसाठी नियम आले आणि अडीच महिन्यांनी विमा कंपन्यांसाठीही आदेश निघाला. ११ जून २०२० रोजी भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरणाने, म्हणजे इर्डाने, कंपन्यांना सांगितलं, की पॉलिसीत जिथे जिथे डॉक्टरच्या सल्ल्याचा खर्च धरला आहे, तिथे तिथे टेलिमेडिसिनचा सल्लाही धरा. त्यासाठी पॉलिसीत वेगळा बदल मंजूर करून घ्यायची गरज नाही. पॉलिसीतल्या मर्यादा मात्र जशा आहेत तशाच लागू राहतील.

आदेश चांगला आहे, पण त्याचा सगळा भार पहिल्या अर्ध्या वाक्यावर आहे. पॉलिसीत डॉक्टरच्या सल्ल्याचा खर्च मुळात धरलाच नसेल, तर फोनवरचा सल्लाही त्यात येत नाही. आपल्याकडच्या बहुतेक आरोग्य पॉलिसी उभ्या आहेत त्या किमान २४ तास रुग्णालयात दाखल होण्याच्या अटीवर. ओपीडी, म्हणजे दाखल न होता घेतलेली तपासणी, त्यांत सहसा नसतेच. १ एप्रिल २०२० पासून सर्व कंपन्यांना विकावी लागणारी ‘आरोग्य संजीवनी’ ही प्रमाणित पॉलिसी पाहा. दाखल होण्याआधीचे ३० दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे ६० दिवस एवढ्या काळातला, त्याच आजाराचा बाहेरचा खर्च ती देते. या नव्वद दिवसांत फोनवरून घेतलेला सल्ला बसतो. घरी सोडल्यानंतर एकसष्टाव्या दिवशीचा बसत नाही.

ही खाटेची अट अढळ आहे असंही नाही. पूर्वी मोतीबिंदूच्या ऑपरेशनला काही दिवस पडून राहावं लागे. आता माणूस दुपारी घरी येतो. तेव्हा विम्याच्या नियमांत ‘डे केअर’ची व्याख्या आली. तंत्रज्ञान पुढे गेल्यामुळे २४ तासांच्या आत होणारे, पण एरवी दाखल व्हावं लागलं असतं असे उपचार तिने मान्य केले. तंत्र बदललं की नियम बदलायचा, हे तत्त्व विम्याने तेव्हाच स्वीकारलं. त्याच व्याख्येच्या शेवटी मात्र, जे उपचार नेहमी ओपीडीत होतात ते यात येणार नाहीत, असंही लिहून ठेवलं. टेलिआरोग्य अडकलं आहे ते या शेवटच्या वाक्यात.

एकच मधुमेह, तीन घरं

याचा अर्थ गावात कसा उतरतो, ते एका उदाहरणाने पाहू. न्हावऱ्याच्या परिसरात तीन घरं आहेत असं समजा. तिन्हीत पन्नाशीतल्या एकेका माणसाला मधुमेह आणि बीपी आहे आणि तिघांनाही दर दोन-तीन महिन्यांनी तज्ज्ञाचा सल्ला लागतो.

पहिला माणूस ऊस बागायतदार. बँकेतल्या एजंटाच्या आग्रहाने त्याने खासगी पॉलिसी काढली आहे आणि हप्ता दरवर्षी न चुकता भरतो. पुण्यातल्या डॉक्टरांशी तो व्हिडिओवर बोलतो, फी ऑनलाइन भरतो. ही फी आणि गोळ्यांचा खर्च त्याच्याच खिशातून जातो, कारण तो कधी दाखल झालेला नाही. काळजी घेऊन त्याने दवाखाना टाळला, आणि नेमक्या त्या काळजीचा खर्च विम्यात धरलेला नाही.

दुसरा रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत कामाला. पगार महिना २१,००० रुपयांच्या आत, म्हणून त्याला कर्मचारी राज्य विमा, म्हणजे ईएसआय लागू. पगाराच्या ०.७५ टक्के त्याच्याकडून कापले जातात आणि ३.२५ टक्के मालक भरतो. १९४८ च्या कायद्याने उभी राहिलेली ही योजना १९५२ मध्ये कानपूर आणि दिल्लीत सुरू झाली. ती दाखल होण्याची वाट पाहत नाही. ईएसआयच्या दवाखान्यातली साधी तपासणी, औषधं, तज्ज्ञाकडे पाठवणी, सगळं तिच्यात येतं आणि घरच्यांनाही मिळतं. ओपीडीला विम्याचं छत्र देणं परवडत नाही, असं म्हणणाऱ्यांना हे सत्तर वर्षांहून जुनं उत्तर आहे.

तिसरा साखर कारखान्यातला हंगामी कामगार. त्याच्याही हाताखाली यंत्रं आहेत, तोही पाळीत काम करतो. पण ईएसआय कायद्याने ‘हंगामी कारखाना’ ही वर्गवारी बाजूला ठेवली आणि तिच्यात कापसाचं जिनिंग, चहा, कॉफी यांच्याबरोबर साखर आणि गुळाचंही नाव घातलं. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हंगामी कारखाने वगळलेलेच आहेत. त्यामुळे एकाच तालुक्यात, काही किलोमीटरच्या अंतरावर, एका कामगाराच्या ओपीडीला विमा आहे आणि दुसऱ्याच्या नाही. ऊसतोडणीला बाहेरून येणाऱ्या टोळ्यांचं तर विचारायलाच नको. त्यांचा दवाखाना हंगामागणिक बदलतो.

या तिसऱ्या घराकडे उरतं ते महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचं कार्ड. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून आठ जिल्ह्यांत सुरू झालेली ही योजना २०१३ मध्ये राज्यभर गेली, २०१७ मध्ये तिला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं, पुढे ती केंद्राच्या आयुष्मान भारतशी जोडली गेली. १ जुलै २०२४ पासून तिचं संरक्षण कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपये झालं आणि ती राज्यातल्या सर्व कुटुंबांना खुली झाली. शिवाय ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न न पाहता, आयुष्मानचा लाभ आहे. हे फार मोठं पाऊल आहे. हृदयाच्या शस्त्रक्रियेपायी जमीन गहाण टाकायची वेळ या योजनेने अनेक घरांवरून टाळली आहे.

पण याही योजनेची रचना दाखल होण्याभोवतीच आहे. ठरावीक आजार, ठरावीक पॅकेज, आणि बहुतेक पॅकेजांत घरी सोडल्यानंतर दहा दिवसांपर्यंतचा सल्ला आणि औषधं. मधुमेहाने किडनी निकामी होऊन माणूस डायलिसिसवर गेला की योजना पैसे भरते. ती किडनी वाचवण्यासाठी आधीची दहा वर्षं जो सल्ला आणि जी तपासणी लागते, त्यांना मात्र योजनेत जागा नाही. सगळ्या चर्चेचं मर्म मला इथे दिसतं. टेलिआरोग्य हे मुळात दवाखान्यात दाखल व्हावं लागू नये म्हणून आहे, आणि आपला विमा दाखल झाल्यावरच जागा होतो. त्यामुळे फोनवरच्या सल्ल्याला ‘मान्यता’ देऊन काम भागत नाही. खाटेशी मारलेली गाठ सोडवावी लागेल.

उपकेंद्रातला स्क्रीन

विमा नसला तरी सरकारने एक वाट मोकळी केली आहे. मोहालीच्या सी-डॅकने तयार केलेली ‘ई-संजीवनी’ नोव्हेंबर २०१९ मध्ये आरोग्यवर्धिनी केंद्रांसाठी सुरू झाली. १३ एप्रिल २०२० पासून तिची घरबसल्या वापरायची ओपीडीही आली. फेब्रुवारी २०२३ पर्यंत तिच्यावरच्या सल्ल्यांनी १० कोटींचा आकडा ओलांडला होता. पेशंटला एक रुपया लागत नाही.

ती चालते कशी? सपाटीवरच्या भागात साधारण पाच हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असतं. तिथे समुदाय आरोग्य अधिकारी बसतात, लोक त्यांना सीएचओ म्हणतात. समजा एखादी आजी गोळ्यांची रिकामी पाकिटं पदराला बांधून येते. सीएचओ आधी बीपी पाहतात, बोटाला टोचून साखर मोजतात. “आजी, सकाळची गोळी घेतली का?” असं विचारून आकडे ई-संजीवनीवर भरतात. पलीकडे मोठ्या केंद्रातले डॉक्टर स्क्रीनवर येतात. आजी त्यांना पायाच्या मुंग्यांबद्दल सांगते. डॉक्टर पाय दाखवायला लावतात, सीएचओ मोबाइलचा कॅमेरा तळव्याजवळ नेतात आणि टाचेला पडलेली भेग दिसते. आजीला ती जाणवलेलीच नसते, कारण मधुमेहाने तळव्याची संवेदना कमी केलेली असते. डॉक्टर गोळी बदलतात, जखम धुवायला सांगतात, आठवड्याने पुन्हा दाखवायला सांगतात. चिठ्ठी तिथेच तयार होते आणि साठ्यात असलेली औषधं तिथेच मिळतात.

इथे सीएचओचे हात नसते तर स्क्रीनला तळवा दिसला नसता. ‘घरबसल्या डॉक्टर’ ही जाहिरात शहरातल्या स्मार्टफोनधारकाला लागू पडते. गावात अनेक घरांत फोन एकच असतो आणि तो बहुधा कर्त्या पुरुषाच्या खिशात असतो. ओटीपी त्याच्याकडे, रेंज गच्चीवर. म्हणून टेलिआरोग्याच्या नियमांत आरोग्य कर्मचाऱ्याच्या मदतीने घेतलेल्या सल्ल्याला मानाचं स्थान हवं.

ई-संजीवनीला मर्यादाही आहेत. पलीकडे दर वेळी तोच डॉक्टर भेटेल असं नाही. पुण्यात ज्यांनी स्टेंट टाकला किंवा केमो दिली, त्या डॉक्टरांशी ती जोडून देत नाही. तो धागा टिकवायला विमाच लागतो.

अमेरिकेचा धडा

पासष्टीवरच्या नागरिकांसाठी असलेल्या अमेरिकेच्या ‘मेडिकेअर’ विम्याने २०२० आधी दूरस्थ सल्ल्याचे पैसे देण्यावर दोन कडक अटी घातल्या होत्या. पेशंट ठरवून दिलेल्या ग्रामीण भागातला हवा आणि सल्ला घेताना तो एखाद्या दवाखान्यात बसलेला हवा. घरातून घेतलेला सल्ला सहसा चालत नसे. मार्च २०२० मध्ये कोविडमुळे या अटी शिथिल झाल्या. लोकांना सवय लागली, डॉक्टरांनी यंत्रणा उभारली. पण मानसिक आरोग्यासारखे काही अपवाद सोडले, तर सवलत कायमची झालीच नाही. तिला दर वेळी काही महिन्यांची किंवा वर्ष-दोन वर्षांची मुदतवाढ मिळत गेली. शेवटी १ ऑक्टोबर २०२५ रोजी सरकारी कामकाज ठप्प झालं आणि त्याच दिवशी सवलतीची मुदतही संपली. १२ नोव्हेंबरला नवा कायदा होईपर्यंत म्हातारे पेशंट आणि त्यांचे डॉक्टर अधांतरी राहिले.

आपल्याकडे ‘पेशंट कुठे बसला आहे’ ही अट कधीच नव्हती, ही आपली जमेची बाजू. पण धडा आपल्यालाही लागू आहे. संकटापुरती दिलेली सवलत म्हणजे हक्क नव्हे. डॉक्टरने यंत्रणेत पैसे घालावेत आणि पेशंटने तिच्यावर विसंबावं असं वाटत असेल, तर नियम टिकाऊ हवा.

काय बदलायला हवं

माझ्या मते चार गोष्टी.

एक, महात्मा फुले योजनेच्या मोठ्या पॅकेजांत, विशेषतः हृदय, मेंदू, किडनी आणि कॅन्सरच्या, फॉलोअपची मुदत किमान सहा महिने करावी. हा फॉलोअप उपकेंद्रातून, त्याच रुग्णालयाच्या डॉक्टरांशी, स्क्रीनवर व्हावा आणि त्याचा मोबदला पॅकेजमध्येच धरावा. ऑपरेशन यशस्वी होऊन गोळ्या बंद पडल्याने पेशंट पुन्हा दाखल होतो, तेव्हा योजनेचाही पैसा वाया जातो.

दोन, आरोग्य संजीवनीसारख्या प्रमाणित पॉलिसीत मधुमेह, बीपी, दमा अशा दीर्घकाळच्या आजारांसाठी वर्षाला ठरावीक सल्ले, फोनवरचे धरून, अनिवार्य करावेत. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मानसिक आजारांना शारीरिक आजारांच्या बरोबरीने विमा देणं बंधनकारक केलं. कायद्याने ठरवलं की विम्याची चौकट रुंदावते, हे तिथे दिसलं आहे.

तीन, साखर कारखान्यांना ‘हंगामी’ म्हणून ईएसआयबाहेर ठेवणारं कलम बदलावं. हंगाम संपला म्हणून मधुमेह संपत नाही.

चार, साध्या आवाजी फोनवरचा सल्ला आणि आरोग्य कर्मचाऱ्याच्या मदतीने घेतलेला सल्ला, दोन्हींना व्हिडिओइतकाच मोबदला मिळावा, नाहीतर विम्याचा लाभ ज्यांची रेंज चांगली त्यांनाच होईल.

विमा कंपन्यांची हरकत ठरलेली आहे: ओपीडीची बिलं लहान असतात, असंख्य असतात आणि खोटी लावायला सोपी असतात. ही भीती खरी आहे. पण नीट बघितलं तर टेलिआरोग्यात खोटेपणाला वाव कमी आहे. सल्ल्याची वेळ, डॉक्टरचा नोंदणी क्रमांक, चिठ्ठी, पैसे भरल्याची नोंद, सगळं आपोआप राहतं. सप्टेंबर २०२१ मध्ये देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमधला चौदा आकडी ‘आभा’ क्रमांक या नोंदी एकत्र जोडू शकतो. तो नसलेल्याला उपचार नाकारता कामा नयेत, एवढी काळजी मात्र घ्यावी लागेल.

तोवर हातातलं सोडू नका

नियम बदलायला वेळ लागतो. आज जे मिळतं, ते तरी पदरात पाडून घ्यावं.

दाखल होण्याआधी किंवा घरी आल्यावर फोनवरून सल्ला घेतलात, तर चिठ्ठी आणि पावती दोन्ही मागा. तारीख आणि डॉक्टरचा नोंदणी क्रमांक तपासा. पॉलिसीतले आधीचे-नंतरचे दिवस मोजा आणि मुदतीत दावा लावा. ‘फोनवरचा सल्ला चालत नाही’ असं कुणी सांगितलं, तर ११ जून २०२० च्या आदेशाचा हवाला द्या. कंपनीकडे लेखी तक्रार करून तीस दिवसांत समाधान झालं नाही, तर विमा लोकपालाकडे दाद मागता येते. त्यांचं कार्यालय पुण्यातच आहे आणि फी लागत नाही. इर्डाची मदतवाहिनी १५५२५५, महात्मा फुले योजनेची १५५३८८, मानसिक त्रासासाठी टेलिमानस १४४१६. छातीत कळ, तोंड वाकडं होणं, श्वास लागणं, सर्पदंश यांत मात्र व्हिडिओची वाट पाहू नका, सरळ १०८ फिरवा.

आणि एक काम एकट्याने होणारं नाही. ग्रामीण रुग्णालयाला रुग्ण कल्याण समिती असते, गावाला ग्रामसभा असते. उपकेंद्रात ई-संजीवनी आठवड्यातून किती दिवस सुरू असते, कोणते तज्ज्ञ मिळतात, औषधं साठ्यात आहेत का, हे तिथे विचारता येतं आणि इतिवृत्तात नोंदवून घेता येतं. हा आग्रह का धरायचा? देशाच्या एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या थेट खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. उतार चांगला आहे, पण उरलेल्या वाट्यात दर महिन्याच्या गोळ्या आणि तपासण्या ठाण मांडून आहेत. विमा खाटेपाशी थांबला तर हा वाटा फार खाली येणार नाही. दुखणं वाढण्याआधी मिळालेला सल्ला ‘योजनेत बसतो’ असं ज्या दिवशी रुग्णालयात योजनेचं काम पाहणारा आरोग्यमित्र पेशंटला सांगू शकेल, त्या दिवशी या तंत्रज्ञानाचा लाभ ज्यांना त्याची सर्वांत जास्त गरज आहे, त्यांच्यापर्यंत पोहोचेल.